बुधवारी रात्री कळणारा गुरुवार

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात. विजेची ओढाताण होती त्या काळात सगळ्यांनी एकाच दिवशी बंद राहायचं आणि उरलेले सहा दिवस सगळ्यांनी एकदम चालू करायचं, हे झेपणारं नव्हतं. म्हणून एकेका औद्योगिक पट्ट्याला सुट्टीचा वेगवेगळा वार वाटून दिला गेला. आमच्या वाट्याला गुरुवार आला. पुढे दिवस बदलले, गुरुवार तेवढा राहिला. दुरुस्तीसाठी लाइट जाते ती गुरुवारी, मुलगी बघायला पाहुणे येतात ते गुरुवारी, गावाकडच्या सातबाऱ्याचं काम निघतं तेही गुरुवारी.

आमच्या घरात त्याचा अर्थ असा होता: गुरुवारी आम्ही दोघं घरी आणि मुलं शाळेत; रविवारी मुलं घरी आणि आम्ही दोघं कंपनीत. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, कॉलनीतल्या रविवारच्या पूजेला आमच्या घरून कायम सासूबाई जायच्या. धाकट्याच्या वर्गशिक्षिकेला बरीच वर्षं त्याच त्याची आई वाटत असाव्यात.

मी नोकरी केली ती टाइम ऑफिसात. आधी चिंचवडला असलेली आणि नंतर चाकणला हललेली, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. टाइम ऑफिस म्हणजे गेटमधून आत आलं की पहिली खोली. मस्टर, पंचिंगचे रिपोर्ट, लेट मार्क, गेटपास, ओटीच्या म्हणजे ओव्हरटाइमच्या स्लिपा, सी-ऑफचं म्हणजे बदली सुट्टीचं रजिस्टर आणि सगळ्यात महत्त्वाचा पाळीचा तक्ता. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कुणी डबल मारली म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या केल्या, कुणाची सुट्टी खाल्ली गेली, याचा इतका हिशेब कामगाराच्या बायकोकडेही नसतो. माझ्याकडे मात्र दोन्ही हिशेब होते, कारण मिस्टर दुसऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपला तिन्ही पाळ्या करायचे. तक्ता टाइप करणारी मीच आणि घरी फ्रिजवर दुसऱ्या कंपनीचा तक्ता चिकटवणारीही मीच.

हे सगळं सांगायचं कारण, हल्ली जिकडेतिकडे ‘जरा थांबा’ असा सल्ला ऐकू येतो. पुरवण्यांमधून येतो, मोबाइलवर येतो, लग्नात भेटलेली भाचीही देते. जरा थांबा, दीर्घ श्वास घ्या, जेवताना घासाकडे लक्ष द्या, स्वतःसाठी वेळ काढा. सल्ला खोटा नाही. मन शांत ठेवायचं तर धावपळ कमी करावी लागते, यात वाद घालण्यासारखं काही नाही. माझं म्हणणं एवढंच की वेळ काढायचा तो कुठून काढायचा, हे एकदा टाइम ऑफिसातल्या बाईला विचारा.

आमच्याकडे पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सकाळी सात. दर आठवड्याला पाळी बदलायची. पहिलीवाला दुसरीला, दुसरीवाला तिसरीला, तिसरीवाला पहिलीला. झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर पाळी अशीच पुढे सरकवा म्हणतात, कारण शरीराला लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणं सोपं जातं. तक्ता उलटा फिरवला की हाल जास्त. इथवर ठीक. आता तिसरी संपवून पहिलीला जाणाऱ्या माणसाचा गुरुवार बघा. तक्त्यावर त्याच्या नावापुढे ‘साप्ताहिक सुट्टी’ असं ठसठशीत लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात तो गुरुवारी सकाळी सातला सुटायचा. बस, ट्रॅफिक, आंघोळ, चहा-पोहे धरून साडेनऊला आडवा व्हायचा. उठेपर्यंत दुपारचे तीन. आणि शुक्रवारी सकाळी सातची पहिली, म्हणजे स्टॉपवर बस पावणेसहाला, म्हणजे उठणं पाचला, म्हणजे गुरुवारी रात्री दहाला झोप यायलाच हवी. आठवडाभर रात्री जागलेल्या माणसाला दहाला झोप कुठून यायची? तो पडून राहायचा, छताकडे बघत. कागदावर पूर्ण दिवस, घरात सहा-सात तास, आणि तेही चिडचिडीचे. तिसरीनंतर दोन दिवसांची सुट्टी दिली तर तो माणूस माणसात येतो. हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, त्याच्या बायकोला विचारलं तरी चालतं.

मिस्टर म्हणायचे, तिसरीत रात्री तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. हात चालू असतो, डोकं बंद असतं. आणि प्रेसवर डोकं बंद असून चालत नाही.

मानसिक आरोग्य हा शब्द टाइम ऑफिसच्या खिडकीवर कधी कुणी उच्चारला नाही. आमच्याकडे यायचं ते वेगळ्या नावांनी. ‘मॅडम, डोकं भणभणतंय, अर्ध्या दिवसाचा गेटपास द्या.’ ‘गॅस झालाय, छातीत धडधडतंय.’ ‘पंच करायचं विसरलो, काल काय केलं तेच आठवत नाही.’ कंपनीच्या दवाखान्यात अ‍ॅसिडिटीची गोळी मिळायची, ती घेऊन माणूस परत लाइनवर. लाइनला दर इतक्या सेकंदाला एक नग पुढे सरकवायचा असतो. तिथे कुणी ‘जरा थांबलं’ तर वरचा दिवा लाल होतो आणि सुपरवायझर धावत येतो.

चाकणला हलल्यावर आणखी एक जग दिसलं. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या गावांमध्ये शेतात खोल्या उठल्या. पत्र्याचं छप्पर, एका रांगेत दहा-दहा दारं, बाहेर एक नळ. बहुतेक पोरं मराठवाड्याची, विदर्भाची, आणि पुढे पुढे बिहार-ओडिशाची. खोली नव्हे, कॉट भाड्याने. कॉट बेसिस. सुट्टीचे पैसे कापले गेल्याची तक्रार घेऊन धाराशिवकडचा एक पोरगा माझ्याकडे सारखा यायचा. त्याला काही कागद द्यायला एकदा मी त्याच्या खोलीवर गेले होते, सकाळी अकराच्या सुमाराला. तो रात्रपाळी करून आलेला. खिडकीला पॅकिंगच्या खोक्यांचा पुठ्ठा तारेने बांधला होता, उजेड येऊ नये म्हणून. पत्रा तापायला लागला होता. त्याने पंचा ओला करून अंगावर घेतला होता आणि छातीवर मोबाइल उलटा ठेवला होता. शेजारच्या दारात कुकरच्या शिट्ट्या, पलीकडे बोअरवेलची गाडी. त्या कॉटवर रात्री दुसरा पोरगा झोपायचा, पहिल्या पाळीचा. गादी कधी गार व्हायची नाही. मी हाक मारली तसा तो दचकून उठला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: ‘मॅडम, ओटीला बोलावलंय का?’

मोबाइल छातीवर का, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. झोपेतही थरथर कळावी म्हणून.

आमच्या पट्ट्यातल्या माणसांचं मन कशाने थकतं, याबद्दल माझं मत तिथून पक्कं झालं. जास्त तास हे एक कारण आहेच. पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे सुट्टी आहे की नाही हेच माहीत नसणं. हल्ली प्रत्येक लाइनचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. बुधवारी रात्री नऊ-साडेनऊला त्यावर मेसेज पडतो: उद्या खालील लोकांनी यायचं आहे, डिस्पॅच अर्जंट. खाली नावं. ज्याचं नाव आहे त्याचा गुरुवार गेला. पण ज्याचं नाव नाही त्याचाही बुधवार गेलेलाच असतो, कारण नऊपर्यंत तो वाट बघत होता. त्याने बायकोला माहेरी नेऊ म्हणून सांगितलेलं नसतं, डॉक्टरची वेळ घेतलेली नसते, पोराला तळ्यावर नेण्याचा शब्द दिलेला नसतो. असं महिनोन्‌महिने चाललं की माणूस शब्द देणंच सोडतो. घरातली माणसंही विचारणं सोडतात. भांडण होत नाही, त्यामुळे बाहेरून सगळं ठीक दिसतं.

नुसती सुट्टी मिळाली की मन निवतं, असंही नाही. २०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा इथल्या कित्येक कारखान्यांनी ब्लॉक क्लोजर घेतलं. सलग दिवसच्या दिवस लाइन बंद. लोक घरी होते, झोप भरपूर होती, पोरं जवळ होती. आणि तरी आमच्या कॉलनीत तेव्हाइतके कोमेजलेले चेहरे मी आधी पाहिले नव्हते. माणसं संध्याकाळी दुर्गा टेकडीवर फिरायला जायची आणि तिथेही एकमेकांना एकच विचारायची, तुमची कधी सुरू होणार? अचानक आलेली सुट्टी आणि अचानक गेलेली सुट्टी, मनाला दोन्ही सारख्याच. त्याला हवा असतो आधीपासून माहीत असलेला, कुणी हात लावणार नाही असा दिवस. बुधवारी दुपारपासूनच माणूस सैल व्हायला लागतो तो अशा दिवसाच्या भरवशावर.

ही गोष्ट आपल्याकडे एका माणसाला सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी कळली होती. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८चा, ठाण्याचा; घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, असं सांगतात. कन्हेरसर म्हणजे खेड तालुक्यातलं यमाईचं गाव. चाकण त्याच तालुक्यात आहे आणि कन्हेरसरच्या शिवारातही आता औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी कुठल्याही टाइम ऑफिसला ओळखीच्या वाटतील: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, तीही रविवारी; दुपारी अर्धा तास विश्रांती; कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त; पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत; काम करताना इजा झाली तर भरपाई.

त्यात मला महत्त्वाचा वाटतो तो वार. सणावारी तेव्हाही गिरण्या बंद असत. लोखंड्यांना पाहिजे होता तो दर आठवड्याला न चुकता येणारा, आधीपासून ठरलेला दिवस. रविवार खंडोबाचा, हाही मुद्दा त्यांनी मांडला होता. साहेबाला चर्चला जायला रविवार लागतो, तर आमच्या माणसाला जेजुरीचा देव आहे! २४ एप्रिल १८९० ला मुंबईत दहाएक हजार कामगारांची सभा भरली, तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. त्या बायांची नावं राहायला हवी होती. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या सुट्टीवर आज सगळा देश बसलेला आहे, आमच्या गुरुवारासकट.

आणि आता तास वाढवायची भाषा चालू आहे. नारायण मूर्तींनी २०२३च्या ऑक्टोबरात तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ९० तासांपर्यंत मजल मारली आणि रविवारी घरी बसून किती वेळ बायकोकडे बघणार, अशा अर्थाचं काहीतरी बोलून देशभर हसं करून घेतलं. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना या भाषणांचं नवल वाटलं नाही, तिथे ७० तास कधीचेच चालू आहेत. पण सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जो निर्णय घेतला, तो मात्र भाषणाइतका हलका नाही. कारखान्यातल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याचा आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ करण्याचा. कामगाराची लेखी संमती घेऊन.

जुनी सवय म्हणून मी हिशेब मांडला. बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी, हे कागदावर फार सुंदर दिसतं. तसं खरंच कुणी केलं तर मी पेढे वाटीन. पण ओव्हरटाइमचं बघा. तिमाहीत तेरा आठवडे. १४४ भागिले तेरा, आठवड्याला अकरा तास. ४८ आणि ११, झाले ५९. आधीच्या ११५ मध्येही ते सत्तावन्नाच्या आसपास जातच होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र मांडलेला अंदाज असा की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, ३५ टक्क्यांनी जास्त असतो. हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी. म्हणजे आमची कायद्याची वेसणच धोक्याच्या रेषेपलीकडे बांधलेली आहे. आणि यात चाकणच्या तळेगाव चौकात बसमध्ये बसून काढलेला वेळ कुठेच धरलेला नाही. निगडीहून चाकणला जाऊन-येऊन अडीच तास सहज जातात. बारा आणि अडीच, साडेचौदा. उरले साडेनऊ. त्यात झोप, जेवण, आंघोळ, पोरं, आई-बाप आणि वर्तमानपत्राने सांगितलेला दीर्घ श्वास.

लेखी संमतीबद्दल तर मी न बोललेलंच बरं, पण बोलते. अशा कागदावर सही घेणं हे टाइम ऑफिसचंच काम. गणवेश मिळाल्याची सही, सेफ्टी शूज मिळाल्याची सही आणि संमतीची सही एकाच खिडकीत, एकाच पेनाने होते. ज्या कॉन्ट्रॅक्टच्या पोराला सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळणार की पुन्हा घेणार हेच माहीत नाही, तो कुठल्या कागदावर ‘नाही’ लिहील?

इथे मला एक जण हमखास अडवतो, तो म्हणजे खुद्द कामगार. ‘मॅडम, ओटी बंद करू नका.’ आणि त्याचं बरोबर असतं. ओटीचा पैसा दुपटीने मिळतो. मोशीत, चिखलीत घेतलेल्या फ्लॅटचा हप्ता त्या पैशावर बेतलेला असतो, गावाकडच्या बहिणीचं लग्नही. जिथे ओटी नाही ती कंपनी पोरं महिनाभरात सोडतात, हे मी रजिस्टरमध्ये पाहिलेलं आहे. मूळ पगारात घर चालत नसेल तर ओटी हा जास्तीचा पैसा राहत नाही, तो पगारच होतो, फक्त सुट्टी विकून मिळवलेला. त्यामुळे मन जपायचं तर विषय पगारापर्यंत जातोच. पगार वाढवा म्हणणं एका लेखाने होत नाही, मला ते माहीत आहे. पण निदान ओटी करायची तर कुठल्या दिवशी, हे दोन आठवडे आधी सांगायला एक रुपयाही लागत नाही. लागतं ते नियोजन. डिस्पॅच दर बुधवारीच अर्जंट कसा होतो, हे कोडं मला नोकरीत असेपर्यंत सुटलं नाही.

सुट्टीला हात लावू न देणारी माणसंही मी पाहिली आहेत. आमच्याकडे एक माळकरी ऑपरेटर होता. मशीनवर हात बसलेला, बोलायला गोड. एकादशीला ओटी नाही म्हणजे नाही. त्या दिवशी तो आळंदीला असायचा. तुकोबांची पालखी आकुर्डी मुक्कामाला आली की दोन दिवस रजा, तिचा अर्ज महिनाभर आधी माझ्या टेबलावर. सुरुवातीला सुपरवायझरने कुरकुर केली, टोमणे मारले, एकदा वरपर्यंत नेलं. हा ऐकून घ्यायचा आणि एकादशीला यायचा नाही. पुढे पुढे पाळीचा तक्ता करतानाच आम्ही पंचांग उघडायला लागलो. त्याच्या तारखा आधी टाकायच्या, मग बाकीच्यांच्या. गंमत म्हणजे तो एक सोडून कुणालाच आपली पुढच्या महिन्याची सुट्टी माहीत नसायची. मशीन बंद पडली, रिजेक्शन वाढलं, ऑडिट आलं, बाकीचे पेटून उठायचे. याचा आवाज चढल्याचं मला आठवत नाही. त्याला श्रेय विठ्ठलाला द्यायचं होतं. मी थोडं पंचांगालाही देईन.

पण तो कायम कामगार होता. युनियनचा मेंबर. कॉट बेसिसवरच्या पोराने दोन एकादश्या अशा पाळल्या असत्या तर तिसरीला त्याला यावंच लागलं नसतं. म्हणून त्याच्याकडे बोट दाखवून ‘बघा, मनात आणलं तर जमतं’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तणावमुक्तीचं व्याख्यान आमच्याकडेही झालं होतं. वक्ते चांगले होते, विनोद करायचे, डोळे मिटायला सांगायचे. व्याख्यान पहिली पाळी सुटल्यावर ठेवलेलं, उत्पादन बुडू नये म्हणून. त्यामुळे पहिलीची बस दीड तास उशिरा सुटली. हजेरी सक्तीची होती आणि ती मीच घेत होते. डोळे मिटल्यावर मागच्या तीन रांगा चक्क झोपल्या, आणि वक्त्यांना वाटलं ध्यान लागलं. खरं तर त्या दिवशी त्या लोकांना सगळ्यात जास्त फायदा त्याच वीस मिनिटांचा झाला असणार.

कामाने आलेल्या थकव्याला, बर्नआउटला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या नव्या यादीत जागा दिली ती आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या, सतत राहणाऱ्या ताणातून येणारी अवस्था असं त्याचं वर्णन केलं. ताण कामाच्या ठिकाणी आणि उपाय मात्र माणसाने घरी जाऊन चटईवर करायचा, ही वाटणी मला पटत नाही. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखा कंपनीत नोकरी करणारी २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं, संसदेपासून ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत बोललं गेलं. बोललं जायलाच हवं होतं. खोल्यांवरच्या पोरांच्या आया पत्र लिहीत नाहीत. त्या फोनवर ‘जेवलास का, झोपलास का’ एवढंच विचारतात.

ज्याला आत्ता, आज मदत हवी आहे, त्याने १४४१६ वर फोन करावा. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. रात्रपाळीवाल्याला हे चोवीस तास महत्त्वाचे, फक्त कामावर त्याचा मोबाइल गेटवर जमा करून घेतलेला नसला पाहिजे.

माझ्या मागण्यांना मात्र नवा कायदा लागत नाही. १९४८च्या कारखाना कायद्यानेच कामाच्या वेळांची नोटीस दर्शनी भागात लावायला सांगितली, बुडालेल्या सुट्टीच्या बदल्यात ठरावीक मुदतीत दुसरी सुट्टी द्यायला सांगितली, आणि सुट्टीची अदलाबदल केली तरी सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काळ एका पूर्ण सुट्टीशिवाय राबवायचं नाही असंही सांगितलं. तक्ता भिंतीवर असतो. प्रश्न त्या तक्त्याप्रमाणे खरंच घडतं का, हा आहे. गुरुवार रद्द करायचा तर तो मागच्या गुरुवारपर्यंत सांगा, नंतर नाही. तिसरीनंतर दोन दिवस द्या. डबल मारलेल्याला दुसऱ्या दिवशी बोलावू नका. आणि घरातल्यांनाही एक सांगणं आहे, खास करून माझ्यासारख्या बायकांना: माणूस गुरुवारी घरी आहे म्हणून गॅसचा नंबर, बँक, आधार कार्ड, सासऱ्यांचे डोळे आणि गिरणी असं सगळं त्या एका दिवसात कोंबू नका. आम्ही ते वर्षानुवर्षं केलं. तो दिवस कंपनीने नाही खाल्ला तर आम्ही खाल्ला.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे साहेब तपासणीला आले की आम्ही रजिस्टरं काढून ठेवायचो. सी-ऑफचं रजिस्टर नेहमी एकदम चोख असायचं, एकाच शाईत, एकाच अक्षरात. साहेबांनी ते बघावं, जरूर बघावं. पण त्याआधी लाइनवरच्या कुठल्याही एका पोराला बाजूला घेऊन त्याच्या मोबाइलवरचा ग्रुप उघडायला सांगावा आणि मागच्या चार बुधवारांचे रात्री नऊनंतरचे मेसेज वाचावेत.